डब्याच्या तळाचा माल

नळदुर्गच्या पुढे, हैदराबादच्या अंगाला, एका ढाब्याच्या आवारात उभ्या ट्रकमध्ये एक ड्रायव्हर झोपेतच गेला. निवृत्त होऊनही ती सकाळ माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

मी तेव्हा महामार्गावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. अशा ठाण्याला मृत्यू नवा नसतो. पण आमच्याकडचे मृत्यू आवाज करून येतात. हा अगदी शांत होता. ट्रकला ओरखडा नाही, अंगावर जखम नाही, खिशातले पैसे जागच्या जागी. ओठ तेवढे निळसर पडलेले. समोर काचेपाशी चहाचा रिकामा ग्लास. क्लीनर सांगत होता की उस्ताद चहा पिऊन आडवे झाले, घोरत होते, मग उठलेच नाहीत. मी अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, पंचनामा केला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी व्हिसेरा राखून ठेवला आणि तो प्रयोगशाळेकडे रवाना झाला. तिथून अहवाल यायला किती वेळ लागतो, हे पोलिसांत नोकरी केलेल्याला सांगायला नको.

थोड्याच दिवसांत त्याच रस्त्यावर, दुसऱ्या ढाब्यावर, दुसरा ड्रायव्हर गेला. वयाने तरुण, बाकी सगळे तसेच. चहा, झोप, घोरणे आणि मग शांतता. या वेळी ग्लासच्या तळाला तपकिरी गाळ राहिला होता. माझ्या जुन्या हवालदारांनी ग्लास नाकाजवळ नेला आणि म्हणाले, "डोडा हाय, साहेब."

डोडा म्हणजे अफूचे वाळलेले बोंड. ते दळून त्याची भुकटी चहात उकळून पितात. लांबच्या गाड्या चालवणाऱ्यांत ही सवय जुनी आहे. अंग दुखत नाही, गाडी रेटता येते, म्हणून पितात. पुढे पुढे न प्यायल्यास अंग दुखते, म्हणून पितात. आम्ही अधूनमधून अशी पोती पकडायचो. डोड्याने माणूस वाळतो, घर बसते, हे मी पाहिले होते. पण चहाच्या एका ग्लासात माणूस जातो, हे पाहिले नव्हते. माझे कुतूहल तिथे जागे झाले, आणि त्याच्या मागोमाग काळजीही. दोघे गेले होते. ज्या मालाने ते गेले तो अजून रस्त्यावर होता, आणि तिसरा कुठल्या ढाब्यावर ग्लास तोंडाला लावेल याचा पत्ता नव्हता.

आता माझी एक खोड सांगायला हवी. माझे वडील अडतीवर मुनीम होते. तुरीचा, हरभऱ्याचा, करडईचा भाव कानावर घेतच मी मोठा झालो. त्यामुळे दिसेल त्या वस्तूचा भाव विचारायची मला सवय आहे. आमची मंडळी म्हणतात, तुम्ही मयताला गेलात तरी लाकडाचा भाव विचाराल. पण या खोडीचा नोकरीत मला फार उपयोग झाला. ढाब्यावर जाऊन "माल कोण देतो" असे विचारले की सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागते. "हल्ली काय भावाने मिळतो" असे विचारले की तोच माणूस तक्रार करायला लागतो. महागाईबद्दल बोलायला कुणालाच भीती वाटत नाही.

तर मी साध्या कपड्यांत ढाब्या-ढाब्यांवर चहा पीत हिंडलो. कळले ते असे. मध्यंतरी वर उत्तरेकडे कुठेतरी पोत्यांची मोठी गाडी पकडली गेली होती. त्यानंतर आमच्या रस्त्यावर डोड्याची टंचाई झाली आणि भाव दुपटीच्याही वर गेला. इथवर सरळ होते. पण नंतर भाव हळूहळू उतरला. मी विचारले, मग नवा माल आला असेल. सगळे म्हणाले, छे, वरून एक पोते आलेले नाही.

मी त्या रात्री वडिलांच्या अडतीचा विचार करत झोपलो. आवक नाही आणि भाव मात्र उतरतो, याचा बाजारात एकच अर्थ असतो. कुणीतरी मिसळते आहे.

आणखी एक गोष्ट मला सुटत नव्हती. ज्या मालाने दोन माणसे मेली, त्याच मालाबद्दल बाकीचे ड्रायव्हर कुरकुरत होते की नुसता भुसा आहे, काहीच लागत नाही. एकाला भुसा आणि दुसऱ्याला मरण, एकाच विक्रेत्याकडून? की विक्रेते दोन? हवालदार म्हणाले, "साहेब, तुमी चोर सोडून भावाच्याच मागं लागलाव." मी म्हणालो, चोर भावाच्या मागेच चालत असतो.

खबर दिली ती एका ढाबेवाल्याने. गाड्यांच्या पार्किंगची तक्रार घेऊन तो ठाण्यात आला. अर्धा तास पार्किंगवर बोलला आणि उठता उठता खरे बोलला. मेलेल्यांपैकी एक त्याच्या आवारात मेला होता. तेव्हापासून ड्रायव्हर लोक त्याच्या चहाला घाबरत होते, गाड्या पुढच्या ढाब्यावर लागत होत्या. त्याचे म्हणणे, चहा त्याचा असला तरी पुडी शेजारच्या पंक्चरवाल्याची होती. इतके दिवस हे त्याला माहीत होतेच, पण तेव्हा पुडीसाठी थांबणारी गाडी त्याच्याकडे जेवतही होती. खबऱ्या हा प्राणी सहसा न्यायासाठी बोलत नाही. मी त्याबद्दल कुणाला नावे ठेवत नाही, आम्ही त्यांच्याच जिवावर तपास करतो.

सोमवारी सकाळी आम्ही पंक्चरच्या दुकानावर छापा घातला. अंमली पदार्थांच्या कायद्यात एक पायरी चुकली तर पुढे सगळी केस सुटते, म्हणून सगळे रीतसर केले. नायब तहसीलदारांना सोबत घेतले, पंच घेतले, वजनकाटा घेतला, लाख आणि सील घेतले. राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती देण्याचा तुला हक्क आहे, हे पंक्चरवाल्याला लेखी कळवले. तो तिशीतला, अंगाने काटक, हाताला रबराचा वास. त्याने सही केली आणि शांतपणे बाजूला उभा राहिला. त्याच्या शांतपणाचे कारण मला लगेच कळले. दुकानात तेलाचा एक पत्र्याचा डबा सापडला, पण रिकामा. कोपऱ्यांत बोटाला लागेल एवढी भुकटी. जुन्या टायरांच्या मागे मात्र गोळ्यांची रिकामी पाकिटे निघाली, पोतेभर. दुखण्यावरच्या कडक गोळ्या, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नसतात त्या. खल किंवा चाळणी मात्र दुकानात नव्हती, म्हणजे कुटणे-मिसळणे दुसरीकडे होत होते.

मिसळण्याचा उलगडा इथे झाला. डोडा पोत्याने येतो. पोते दिसते, वास मारते, नाक्यावर पकडले जाते. पोती पकडली जायला लागली की धंदा खिशात मावणाऱ्या मालाकडे वळतो, आणि खिशात मावणारा माल तेवढाच कडक असतो. उरलेल्या डोड्यात साधा भुसा घालून तो वाढवायचा आणि जोर यावा म्हणून गोळ्या कुटून टाकायच्या. गिऱ्हाइकाला चव जुनी मिळते, रंग जुना मिळतो आणि विक्रेत्याला भाव मिळतो. पण डबा रिकामा होता. म्हणजे त्यातला सगळा माल बाहेर होता, आणि माझी काळजी वाढली.

त्याला ठाण्यात आणले. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे त्याला कुणीतरी पढवून ठेवलेले होते. गोळ्या माझ्या पाठीसाठी, डबा रॉकेलचा, एवढेच तो बोलायचा. हात उगारला की माणूस बोलतो, पण आपल्याला हवे तेवढेच बोलतो, खरे बोलतोच असे नाही. म्हणून माझी पद्धत अशी की सुरुवातीला गुन्ह्याचा विषयच काढायचा नाही. मी त्याला ट्यूबलेस टायरने पंक्चरवाल्यांचा धंदा कसा बसवला ते विचारले. त्यावर तो मनापासून बोलला. गाव अणदूर, आई नाही, घरी म्हातारे वडील. तेही जुने ड्रायव्हर, हैदराबाद-मुंबई गाड्या मारलेले.

मधेच चहाची वेळ झाली. हवालदार रोज घरून मुरमुऱ्याचा चिवडा आणायचे, मोटरसायकलच्या मागे डबा बांधून. त्यांनी झाकण उघडले. वर नुसते पांढरे मुरमुरे, आणि सवयीने त्यांनी डबा उलटा-सुलटा करून जोरात हलवला. मीठ, हळद, डाळवं सगळे रस्त्याच्या खड्ड्यांनी तळाला गेलेले असते, हे आमच्या ठाण्यात सगळ्यांना ठाऊक होते. मी ते रोज पाहत आलो होतो. त्या दिवशी माझा हात तिथेच थांबला.

मी त्या पंक्चरवाल्याला सहज विचारल्यासारखे विचारले, "तू डबा घरून कशावर आणायचास?"

"गाडीवरच की, मागं बांधून," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आले.

पण मला त्याला पेचात पकडायचे नव्हतेच. मी त्याच्यासमोर चिवड्याचा डबा ठेवला, हलवलेला नव्हे, हवालदारांकडचाच दुसरा, न हलवता ठेवलेला. वरचे मुरमुरे बाजूला करून तळाचे मीठ त्याला दाखवले. म्हणालो, तू घरी कितीही नीट मिसळ, अणदूरहून इथवर येताना कुटलेली गोळी चाळून चाळून खाली बसते. ज्यांना वरच्या पुड्या मिळाल्या त्यांना भुसा लागला. भुसा लागला म्हणून ते पुढच्या खेपेला दोन पुड्या टाकायला लागले. आणि ज्यांना खालच्या पुड्या मिळाल्या ते दोघे मेले. आता तू मला एवढेच सांग, सगळ्यात तळाचे कुणाला दिलेस? तो माणूस अजून जिवंत असेल तर तो तुझ्यामुळे वाचेल.

तो चिवड्याच्या डब्याकडे बघत राहिला.

"तळाचं म्या इकलंच न्हाय," तो म्हणाला.

"मग कुठं आहे?"

"घरी दिलंय. आण्णाला. त्येंची तक्रार हुती, हल्लीचा चा लागत न्हाय म्हून. तळाचं जोरात असतंय, लोणच्यागत मुरलेलं. म्हून घरच्या माणसाला ठिवलं." मग एकदम उठून उभा राहिला. "साहेब, आण्णा दुपारच्या चात घेत्यात. एक फोन लावू द्या."

मी फोन लावून दिला. घंटी वाजत राहिली. परत लावला. शेजाऱ्याचा नंबर त्याला घाबरून आठवेना. दुपार तर उतरायला लागली होती. सापडेल त्या गाडीत त्याला घेऊन आम्ही अणदूरला निघालो. तो सारखा एकच म्हणत होता की आण्णांना तीस वर्षांची सवय आहे, त्यांना काही होणार नाही, आणि मग माझ्याकडे बघायचा, मी होकार द्यावा म्हणून. मला तो देता आला नाही.

म्हातारा घरापुढच्या पत्र्याच्या सावलीत बसून शेळीला पाला टाकत होता. आमची गाडी बघून उठलाही. मुलाने बेड्यांसकट जाऊन त्याचे पाय धरले आणि हमसून रडला. नोकरीत मी पुष्कळ आरोपी रडताना पाहिलेत. बहुतेक स्वतःसाठी रडतात. हा नव्हता रडत स्वतःसाठी. मीही खरोखर देवाचे आभार मानले.

मुलाला गाडीत बसवून मी म्हाताऱ्याकडे पुडी मागितली. जप्त करायची होती. तो शेळीकडे बघत म्हणाला, "न्हाय आता ती."

"प्यायलात का?"

"न्हाय." त्याने पाल्याची आणखी एक फांदी शेळीपुढे टाकली. "इकली."

मला वाटले मी चुकीचे ऐकले. त्याने हलक्या आवाजात सांगितले. आदल्या दिवशी, रविवारी, त्याचा जुना जोडीदार तामलवाडीहून खंडोबाच्या दर्शनाला आला होता. वर्षातला काही काळ देव नळदुर्गला असतो, त्या दिवसांत तो अणदुरात होता. दोघांनी मिळून वर्षानुवर्षे गाड्या चालवलेल्या, दोघांना सवय एकच. जोडीदाराला तिकडे माल मिळत नव्हता, अंग मोडून आले होते, मागेल तेवढे द्यायला तयार होता. "येवढ्या भावात पिणं परवडत न्हाय, साहेब," म्हातारा म्हणाला. "महाग झालं तवापास्नं माझं निम्म्यावर आलंच हुतं. म्या म्हणलं, माझं भागंल. त्येला लई गरज हाय, आन् पैसंबी येतील."

मी लगेच तामलवाडीकडच्या ठाण्याला फोन केला, घराचा पत्ता दिला. तिथले लोक धावतच गेले. त्या माणसाच्या बायकोने त्यांना दारातच थांबवले. आवाज करू नका म्हणाली, आत्ता डोळा लागलाय. दोन दिवस अंगदुखीने तळमळत होते, काल चिमूटभराने भागले नाही, आज दुपारी उरलेली सगळी पुडी चहात घेतली आणि पडल्या पडल्या घोरायला लागले. ते घोरणे ऐकून तिला किती बरे वाटले असेल. पोलीस आत गेले तेव्हा घोरणे थांबत आले होते, हलवून जाग येत नव्हती. सोलापूरच्या वाटेवर त्याचा श्वास थांबला. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितले की यावर उतारा देता येतो, घोरत होते तेव्हाच आणले असते तर. हे मी मुद्दाम लिहितो आहे. असे काही घेतलेला माणूस विचित्र घोरत असेल आणि हलवून उठत नसेल, तर त्याला झोपू देऊ नका, तसाच उचलून दवाखान्यात न्या. ती झोप नसते.

संध्याकाळी म्हातारा ठाण्यात आला. जोडीदार गेल्याचे त्याला कळले होते. तो माझ्यासमोर जमिनीवर बसला, खुर्चीवर बसेना. म्हणाला, "साहेब, पोराला सांगू नका म्या इकली म्हून. तुमच्यामुळं वाचलो आसंच त्येला वाटू द्या." मी म्हणालो की मला ते लपवता येणार नाही. तळाच्या पुडीची साखळी मुलापासून सुरू होऊन तामलवाडीत संपत होती आणि मधला दुवा तोच होता. कायद्यात विकणारा तो विकणारा, मग पोते विको की एक पुडी. त्या म्हाताऱ्यालाही मी आरोपी केले. प्रयोगशाळेचे अहवाल पुढे आले, तिन्ही मृतांच्या पोटात त्याच गोळ्या निघाल्या. दोषारोपपत्र गेले, त्याची नक्कल मुलाला तुरुंगात मिळाली. वडील जामिनावर सुटलेले असूनही मुलाच्या भेटीला कधी गेले नाहीत.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे मला नव्या पोरांच्या शिबिरात विचारतात. मी त्यांना सांगतो, पोती पकडाच, ते आपले कामच आहे. पण पकडल्यावर फोटो काढून घरी जाऊ नका. आठ-पंधरा दिवसांनी त्याच ढाब्यावर चहा प्यायला जा आणि भाव विचारा. वाढला असेल तर समजा टंचाई आहे, आणि सवयीच्या माणसांना दवाखान्यात नेऊन सोडवण्याची तीच वेळ आहे. आमच्या म्हाताऱ्याची निम्मी सवय नुसत्या महागाईने सुटली होती, उरलेली कुणी डॉक्टरने सोडवली असती. आणि आवक नसताना भाव उतरला असेल तर धावा, कारण त्या रस्त्यावर कुणीतरी मरणार आहे. एवढे सांगितले की पोरे वहीत उतरवून घेतात. माणसांबद्दल जे शिकलो ते मला तिथे सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

साक्षीच्या तारखेला मी कोर्टात होतो. मुलाला तुरुंगातून आणले होते. व्हरांड्यातल्या बाकावर त्याचा बाप बसला होता, मान खाली घालून, पोराच्या नजरेला नजर द्यायची त्याची हिंमत नव्हती. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला तामलवाडीची ती बाई, साक्षीसाठी आलेली. मुलगा शिपायांसह बापासमोर थांबला. मला वाटले आता शिव्या देईल, निदान रागाने बघेल. आपण राखून ठेवलेला घरचा वाटा बापाने पैशासाठी विकला, हे त्याने कागदावर वाचले होते.

तो वाकला आणि म्हणाला, "आण्णा, बरं केलं तुमी इकलं."

बापाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मला त्या पोराचा राग आला नाही, आजही येत नाही. त्याच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. बाकाच्या टोकावरच्या बाईने ते ऐकले होते. ती उठली, पदर सावरला आणि व्हरांड्याच्या पार पलीकडे, उन्हात जाऊन उभी राहिली. पुकारा होईपर्यंत ती तिथेच उभी होती, आणि तिला सावलीत बोलवायला माझी जीभ उचलली नाही.